माइक कुठे ठेवायचा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१९४९ साली ‘महल’ हा चित्रपट आला. त्यातलं ‘आयेगा आनेवाला’ हे गाणं ठाऊक नाही असा रसिक विरळाच. गाण्याची सुरुवात आठवून पाहा. आवाज आधी लांबून, कुठल्या तरी दालनाच्या पलीकडून यावा तसा येतो. मग जवळ येत येत मुखड्याला अगदी आपल्यासमोर उभा राहतो. हे कसं साधलं, ते लता मंगेशकरांनीच पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. माइक खोलीच्या मध्यभागी होता. लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात एकेक पाऊल माइककडे चालत आल्या. मुखडा सुरू करायच्या वेळी त्या बरोबर माइकपाशी पोहोचत. संगीतकार होते खेमचंद प्रकाश.

आज हा परिणाम यंत्रावरची एक कळ सरकवून मिळतो. तेव्हा तो पायांनी चालून मिळवावा लागला. पण त्यामागची गोष्ट एकच आहे. माइक आणि आवाज यांच्यातलं अंतर बदललं की नुसता आवाज लहानमोठा होत नाही, ऐकणाऱ्याची जागाच बदलते.

मी काही वर्षं ध्वनिमुद्रणाच्या टेबलापाशी काढली आहेत. ‘माइक कुठे ठेवायचा?’ हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा होता. निवृत्तीनंतर तो सुटला असं वाटत होतं, पण माझ्या भाचीनं तो पुन्हा समोर आणला. ती कल्याणला दोन खोल्यांच्या घरात राहते आणि पियानो शिकते. घरात खराखुरा पियानो येणं शक्य नाही. एक तर किंमत, दुसरं म्हणजे जिना, आणि तिसरं म्हणजे शेजारी! तेव्हा तिनं अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला, तो संगणकाला जोडला आणि त्यात पियानोचं एक सॉफ्टवेअर बसवलं. रात्री अकरा वाजता कानाला हेडफोन लावून ती वाजवते. घरच्यांना ऐकू येते ती फक्त पट्ट्यांची टकटक.

एका रविवारी तिनं मला पडद्यावर एक गंमत दाखवली. वरून पाहावं तसं ग्रँड पियानोचं चित्र होतं आणि त्याच्या भोवती छोटे छोटे माइक. माऊसनं माइक उचलायचा, हवा तिथे ठेवायचा. तारांवर, झाकणाखाली, चार मीटर लांब, वाजवणाऱ्याच्या डोक्यापाशी, कुठेही. जागा बदलली की आवाज बदलतो. तासभर आम्ही तेच करत बसलो. शेवटी हेडफोन काढून तिनं विचारलं, “मामा, यातला खरा आवाज कुठला?”

मी चटकन काहीतरी बोलून गेलो, पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. या प्रश्नाला तीनशे वर्षांचा इतिहास आहे, तो आज सांगतो.

फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा वाद्यकार होता. त्या घराण्याच्या वाद्यांची १७०० साली केलेली एक यादी उपलब्ध आहे. तीत त्याच्या एका नव्या वाद्याचं वर्णन ‘हळू आणि मोठ्यानं वाजणारं’ असं केलेलं आहे. इटालियन भाषेत हळू म्हणजे ‘पियानो’ आणि मोठ्यानं म्हणजे ‘फोर्ते’. तोवरच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. बोट हळू ठेवा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीनं तारेवर हातोडी मारायची युक्ती काढली. त्यामुळे एकाच वाद्यातून कुजबुज आणि गर्जना दोन्ही काढता येऊ लागल्या. त्यानं केलेले तीन पियानो आजही शिल्लक आहेत. १७२० सालचा न्यूयॉर्कला, १७२२ सालचा रोमला आणि १७२६ सालचा लाइपझिगला. मोठ्या दिवाणखान्यात माणसं वाद्याभोवती बसत आणि जो तो आपापल्या जागेवरून ऐकत असे. ‘खरा आवाज कुठला?’ असं विचारायची कुणाला गरज नव्हती. जिथे आपली खुर्ची, तिथला आवाज आपला.

हा निवांतपणा संपला तो १८७७ साली, एडिसनच्या फोनोग्राफनं. २ डिसेंबर १८८९ रोजी एडिसनचा प्रतिनिधी थिओ वांगेमान व्हिएन्नात एका परिचिताच्या घरी यंत्र घेऊन गेला आणि योहानेस ब्राम्स यांनी त्यासमोर पियानो वाजवला. मेणाच्या नळीवरचं ते मुद्रण आज ऐकलं तर खरखरच जास्त ऐकू येते, पियानो तिच्यामागे कुठेतरी बुडालेला असतो. पण पियानोच्या इतिहासात इथे एक नवी गोष्ट घडली. आता ऐकण्याची जागा एकच उरली. यंत्र जिथे ठेवलं होतं तिथूनच, पुढच्या सगळ्या पिढ्यांनी, ब्राम्स ऐकायचा.

माइक येण्याआधी ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, त्याला सुई आणि सुईखाली मेणाची तबकडी. वीज नाही, आवाज वाढवायची सोय नाही. हवेच्या धक्क्यानं सुई हलेल तेवढंच कोरलं जाई. सेकंदाला साधारण अडीचशे ते अडीच हजार कंपनांच्या पट्ट्यातले सूर त्यात बरे उमटत. पियानोचा सगळ्यात खालचा खर्ज साडेसत्तावीस कंपनांचा, तर सगळ्यात वरचा सूर ४१८६ कंपनांचा. म्हणजे दोन्ही टोकं कापलेली. मग रेकॉर्डिस्ट मंडळी उभा पियानो चौथऱ्यावर चढवत, त्याची मागची बाजू उघडी करत आणि तो कर्ण्याच्या तोंडाशी नेऊन भिडवत. वादकाला मोठ्यानं वाजवावं लागे, कारण हळू वाजवलेलं तबकडीवर उमटतच नसे. ज्या वाद्याचं नावच ‘हळू’, त्याला सतत ओरडावं लागत होतं! कर्ण्याच्या काळात ‘माइक कुठे?’ असा प्रश्न नव्हता. माणसं आणि वाद्यं कुठे ठेवायची, हा प्रश्न होता.

अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला आणि १९२५ मध्ये विजेवरच्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या बाजारात आल्या. त्या वर्षी मार्चमध्ये कॅमडेन इथे फ्रेंच पियानोवादक आल्फ्रेद कोर्तो यांनी केलेलं मुद्रण हे या पद्धतीच्या अगदी पहिल्या अभिजात मुद्रणांपैकी एक. आता वाद्य कर्ण्यात कोंबायची गरज उरली नाही. माइक दोन पावलं मागे घेता येऊ लागला आणि त्याबरोबर तबकडीवर पहिल्यांदाच खोली ऐकू येऊ लागली. सूर थांबल्यावर भिंतींवरून परतणारा घुमारा, ज्याला आपण ‘आस’ म्हणू, तोही आला. माइक जवळ आणला की हातोडीचा ठोका स्पष्ट होतो आणि खोली मागे पडते. लांब नेला की खोली वाढते, ठोका विरघळतो. या दोहोंत कुठे थांबायचं, हे ठरवणारा रेकॉर्डिस्ट आता वादकाइतकाच महत्त्वाचा झाला. मात्र त्याचं नाव तबकडीवर क्वचितच छापलं जाई.

पुढचं पाऊल इंग्लंडमध्ये पडलं. ॲलन ब्लमलाइन नावाचा तरुण अभियंता भावी पत्नीबरोबर बोलपट पाहायला गेला होता, असं सांगतात. नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडच्या कर्ण्यातून, हे त्याला खटकलं. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्या अर्जात आहे. दोन माइक एकाच जागी, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवायचे, म्हणजे आवाजाची दिशाही पकडता येते, ही त्याची एक रचना आजही वापरात आहे. १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत वाद्यवृंदावर त्यानं प्रयोगही केले. पण स्टिरिओ तबकड्या घराघरांत जायला १९५८ उजाडावं लागलं. ते पाहायला ब्लमलाइन नव्हता. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेत असताना विमान कोसळून तो गेला. वय अवघं ३८.

स्टिरिओमुळे पियानोचा प्रश्न सुटला नाही, वाढला. वाजवणाऱ्याच्या डावीकडे खर्ज असतो, उजवीकडे तार सप्तक. सभागृहात दहाव्या रांगेत बसलेल्याला असं डावं-उजवं जाणवत नाही. त्याला समोरून एकच वाद्य ऐकू येतं. मग तबकडीत काय ठेवायचं? पुष्कळ मुद्रणांत पियानो दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरलेला ऐकू येतो. प्रत्यक्षात इतका रुंद पियानो कुणी पाहिलेला नाही! तरी आपण ते मुकाट्यानं स्वीकारतो, कारण कानाला गोड लागतं.

ही संकेतांची गोष्ट उघडपणे बोलून दाखवली ती कॅनडाच्या ग्लेन गूल्ड यांनी. १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजलिसला शेवटची मैफल करून, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी जाहीर कार्यक्रम कायमचे सोडले आणि उरलेलं आयुष्य स्टुडिओत घालवलं. १९७० मध्ये रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांचा पाचवा सोनाटा मुद्रित करताना त्यांनी एक वेगळाच घाट घातला. माइकच्या चार जोड्या मांडल्या. पहिली जवळजवळ तारांवर, दुसरी नेहमीच्या अंतरावर, तिसरी आणखी मागे आणि चौथी सभागृहाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून. आठही माइकचं मुद्रण एकाच वेळी, पण वेगवेगळ्या पट्ट्यांवर. नंतर टेबलापाशी बसून कुठल्या ओळीला कुठली जोडी, ते ठरवायचं. सिनेमात कॅमेरा जसा दूरच्या दृश्यावरून चेहऱ्यावर येतो, तसा कान हलवायचा ही कल्पना. सिबेलियस यांच्या रचनांसाठी त्यांनी ही पद्धत वापरून तबकडी काढली. स्क्रियाबिनच्या फिती मात्र तशाच पडून होत्या. त्यांतून पॉल तेबेर्ज यांनी तयार केलेलं मिश्रण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, गूल्ड गेल्यानंतर तीस वर्षांनी. आमच्या लताबाईंनी जे चालून केलं, तेच गूल्ड यांनी न हलता करायचं ठरवलं होतं.

आता संगणकाकडे येऊ. १९८३ मध्ये ‘मिडी’ ही सांकेतिक भाषा आली. कुठली पट्टी, कधी, किती जोरात, हे आकड्यांत लिहायची सोय झाली. पुढच्याच वर्षी रे कुर्झवाइल यांचं के-२५० हे वाद्य आलं. त्यात खऱ्या वाद्यांच्या सुरांचे नमुने साठवलेले होते. पट्टी दाबली की तो नमुना वाजायचा. पुढे संगणकाची साठवण वाढली तशी ही पद्धतही वाढली. २००९ मध्ये व्हिएन्नाच्या एका संग्रहात ब्यूझनडॉर्फर कंपनीच्या थोरल्या पियानोच्या प्रत्येक पट्टीचे शेकडो नमुने होते आणि तेही तीन जागांवरून घेतलेले: तारांजवळून, वादकाच्या जागेवरून आणि लांबून. पण त्या तीनच. चौथी जागा हवी असेल तर पुन्हा पियानो, पुन्हा सभागृह, पुन्हा सगळं मुद्रण.

दुसरा रस्ता गणिताचा. तारेची हालचाल समीकरणानं मांडून त्यातून सूर काढायचा. लेजारन हिलर आणि पिएर रुइझ यांनी १९७१ मध्येच हे करून दाखवलं होतं, पण तेव्हाच्या संगणकांना ते फार जड जाई. फ्रान्समध्ये तुलूझला फिलिप गियोम नावाचे गणितज्ञ आहेत. गणिताकडे वळण्याआधी ते पियानो जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करत. त्यांच्या मोडार्ट कंपनीनं २००६ मध्ये ‘पियानोटेक’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. नमुन्यांच्या संग्रहांना कित्येक गिगाबाइट जागा लागे, तिथे हे थोड्या मेगाबाइटमध्ये मावलं, कारण यात मुद्रित केलेला सूर नव्हताच. हातोडी, तार, खालची लाकडी फळी यांचं वागणं दर वेळी नव्यानं मोजलं जात होतं. आणि एकदा का आवाज मोजूनच काढायचा म्हटला, की तो कुठल्या बिंदूपाशी मोजायचा हेही आपल्या हाती येतं. पुढच्या आवृत्त्यांत आलेले ते हलवता येणारे माइक म्हणजे हेच. माझी भाची त्या रविवारी माऊसनं उचलत होती तो माइक कुठेच नव्हता. ती एक गणिती जागा होती.

या स्वातंत्र्याचा पहिला परिणाम ठरलेलाच होता. तिनं पाचच्या पाच माइक लावले. जास्त माइक म्हणजे जास्त चांगला आवाज, असं कुणालाही वाटेल. आवाज भरगच्च झाला खरा, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर लावल्यावर पियानो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ झाला. हे का होतं, ते सांगतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटर जायला एक सहस्रांश सेकंद. दोन माइकच्या अंतरात तेवढा फरक असेल, तर सेकंदाला ५०० कंपनांच्या सुराची लाट एकीकडे वर असताना दुसरीकडे खाली असते. दोन्ही एकत्र केल्या की त्या एकमेकींना खोडतात. दीड हजार, अडीच हजार कंपनांनाही तेच. खऱ्या माइकचा हा जुना त्रास आहे आणि गणित प्रामाणिक असल्यामुळे तो खोट्या माइकमध्येही आला! आमच्या वेळी उपाय साधा होता. सगळं एकाच स्पीकरवर ऐकून पाहायचं आणि नको असलेला माइक बंद करायचा. तिनं तीन बंद केले, पियानो परत आला.

दुसरा परिणाम मला जास्त काळजीचा वाटला. एक अवघड जागा नीट वाजत नव्हती. पूर्वी ती दहा वेळा वाजवून बोटं सुधारायची. आता ती माइक सरकवत होती. माइक लांब नेला की घुमाऱ्यात चुका झाकल्या जातात. ठोका कमी-जास्त पडला तरी कळत नाही. मी म्हटलं, “अगं, हे पावडर लावून पुरळ झाकण्यासारखं आहे.” ती रागावली, पण माइक जवळ घेतला आणि पुन्हा बोटांकडे वळली.

तिचा मूळ प्रश्न मात्र तसाच होता. मग आम्ही मुंबईतल्या एका जुन्या शाळेच्या सभागृहात गेलो. तिथे एक ग्रँड पियानो आहे. थोडा बेसूर, एक पट्टी अडकते, पण खरा. तिच्या शिक्षिकेनं परवानगी मिळवून दिली होती. आधी ती वाजवत राहिली आणि मी फिरलो. मग मी एका बोटानं एकच सूर वाजवत बसलो आणि ती फिरली. झाकणाखाली डोकं घातल्यावर तिला हातोडीच्या नमद्याचा धप्प आवाज आणि पेडलची करकर ऐकू आली. तीन पावलं मागे आल्यावर दोन्ही गेले. सभागृहाच्या टोकाला पियानो कमी आणि भिंतीच जास्त वाजत होत्या. प्रत्येक ठिकाणी ती थांबायची, डोळे मिटायची आणि पुढे जायची. तिसऱ्या खिडकीपाशी मात्र बराच वेळ उभी राहिली.

२००७ मध्ये गूल्ड यांच्या १९५५ सालच्या गाजलेल्या ‘गोल्डबर्ग’ मुद्रणावरून संगणकानं वादनाचे बारकावे काढून, ते यांत्रिक पियानोवर पुन्हा वाजवून प्रसिद्ध केले गेले. एकाच वादनाची दोन रूपं त्या तबकडीत होती. एक श्रोत्यांच्या बाजूनं आणि दुसरं वादकाच्या जागी कृत्रिम डोकं ठेवून, त्याच्या कानांतून ऐकलेलं. बोटं तीच, सूर तेच. कुठलं खरं? गाडीत परत येताना मी भाचीला हे सांगितलं आणि माझं उत्तरही दिलं. दोन्ही खरी, कारण दोन्ही ठिकाणी माणूस बसू शकतो. कर्ण्याच्या काळात ऐकण्याची जागा यंत्रानं ठरवली, मग रेकॉर्डिस्टनं, मग गूल्डसारख्या एखाद्या कलावंतानं. आता ती तुझ्या हातात आली आहे. तेव्हा आपण कुठे उभे राहून ऐकतोय, ते तुला ठाऊक असायला हवं आणि त्या जागी एकदा तरी स्वतःच्या पायांनी उभं राहिलेलं असायला हवं. नाहीतर पडद्यावरचा माइक नुसताच सरकत राहतो.

ती काही बोलली नाही. चार दिवसांनी तिनं वाजवलेला एक तुकडा मला पाठवला. दोनच माइक होते, झाकणाच्या उघड्या बाजूला, थोडे मागे. एका ठिकाणी बोट घसरलेलं स्पष्ट ऐकू येत होतं. ते तिनं झाकलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये अशी मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते. तिनं नाव दिलं होतं, ‘तिसरी खिडकी’.